जावा-येझदीची टोळी मोरगावला नेताना

पुण्याहून दिवे घाट चढून सासवड, जेजुरी आणि मोरगाव. जावा-येझदीसारख्या जुन्या दोन-स्ट्रोक मोटारसायकलींची टोळी न्यायला याच्याइतका गुणी रस्ता पुण्याजवळ दुसरा नाही. एका बाजूने पासष्ट-सत्तर किलोमीटर, मोठा चढ एकच, आणि तोही सकाळच्या गारव्यात उरकतो. जेजुरीनंतर माळ मोकळा होतो. वेळ असेल तर मोरगावपुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या कडेने जावं, नशीब असेल तर चिंकारा दिसतो. फक्त कॅलेंडर बघून निघा. सोमवती अमावास्येला जेजुरीत आणि अंगारकीला मोरगावात गर्दीतून पहिल्या गिअरवर सरकावं लागतं. हवेवर थंड होणारं इंजिन तेवढ्यात तापून बसतं.

टोळी ८-१० गाड्यांची ठेवा. जास्त असतील तर दोन तुकड्या करा. सगळ्यात पुढे सगळ्यात हळू गाडी, यावर तडजोड नको. म्हैसूरची जुनी २५० जावा १२ अश्वशक्तीची, येझदीची रोडकिंग १६ची. रोडकिंगवाला पुढे राहिला की ६० धरून आरामात जातो, आणि प्रत्येक गतिरोधकानंतर पडलेलं अंतर भरून काढायला शेवटच्या जावाला ७५ने पळावं लागतं. इंजिन जाम होतं ते बहुधा अशा पाठलागात. जावा पुढे ठेवून ५०-५५ची चाल धरली तर दोघंही सुखी. मागच्याला निळा धूर खावा लागतो, त्याला इलाज नाही. पांढरा शर्ट घालून येऊ नये एवढंच.

शेवटची गाडी हत्यारं जवळ असलेल्या माणसाची. तो कुणालाही मागे सोडत नाही. फाट्यावर म्होरक्या हाताने खूण करतो, त्याच्या मागचा दुसरा तिथे थांबतो आणि शेवटची गाडी दिसेपर्यंत हलत नाही. पुढच्या फाट्यावर जो दुसरा असेल तो थांबतो. एवढं पाळलं तर फोन करत बसावं लागत नाही. ओव्हरटेक मात्र ज्याचा त्याने स्वतः बघून करायचा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. पुढचा गेला म्हणून मागोमाग घुसणं हीच या रस्त्यावरची खरी भीती.

या गाड्यांना इंजिनचं तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. त्याचं गणित घरीच करा. तेल-पेट्रोल १:२५ म्हणजे लिटरला ४० मिली. आजच्या चांगल्या २टी (दोन-स्ट्रोकच्या) तेलावर बरेच जण ३०-३३ मिलीवर भागवतात, आणि सपाटीला ते चालतंही. घाट आणि डबलसीट असेल तर ४०च घालावं, प्लग काळा झाला तर पुसता येतो. गाडी लिटरला २५-३० किलोमीटर देते, म्हणजे दीडशे किलोमीटरला ५-६ लिटर पेट्रोल आणि जास्तीत जास्त २४० मिली तेल. पंपावर सुटं तेल मिळेल या भरवशावर राहू नका, अर्ध्या लिटरची बाटली जवळ ठेवा. टाकीत आधी तेल ओता, मग पेट्रोल. धारेने ते आपोआप ढवळलं जातं.

उतारावर चार-स्ट्रोक बुलेटची, गिअरवर वेग आवरायची सवय दोन-स्ट्रोकला मारक ठरते. इथे पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबरच. थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये घाट उतरलात तर इंजिन जोरात फिरतं, पण तेल जवळजवळ पोचतच नाही. म्हणून अधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल जरा उघडायचा आणि वेग ब्रेकवर आवरायचा. ब्रेक सतत दाबून धरू नयेत, दाबायचे-सोडायचे, नाहीतर ड्रम तापून पकड जाते. परतताना दिवे घाटानेच उतरा. बोपदेव घाट तीव्र आहे, वळणंही आखूड.

आता बंद पडणाऱ्या गाडीविषयी. दहा-पंधरा किलोमीटर छान चालून गाडी गुदमरते, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू होते. याची कारणं मुख्यतः दोन, आणि लोक नेमके कार्ब्युरेटर खोलत बसतात. आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच उठली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. टाचणीने साफ करा, काम झालं. तसं नसेल तर प्लग काढून कॅपमध्ये घाला, हेडला टेकवा आणि किक मारा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, मरतुकडी दिसली तर पॉइंटचं (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या विजेच्या टोकांचं) झाकण काढून पुन्हा किक मारा. पॉइंटच्या टोकांमध्येच ठळक ठिणगी उडत असेल तर ती आवरणारा कंडेन्सर गेला. गार असताना तो काम करतो, तापला की दगा देतो, म्हणून घराच्या दारात गाडी तपासून हे कधी सापडत नाही. कंडेन्सर चांगला असेल तर पॉइंटच्या टोकांमधली गॅप बघा: ०.४ मिमी. टोकं जळली असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग पेट्रोलच्या फडक्याने पुसा.

बरोबर घ्यायचं ते असं: दोन प्लग, प्लग पाना, कंडेन्सर, पॉइंट सेट, गॅप मोजायचा फीलर गेज, क्लच आणि थ्रॉटलच्या केबल, चेन जोडायचा चेनलॉक, बाइंडिंग वायर. चेनलॉकच्या क्लिपचं उघडं तोंड चेन धावते त्याच्या उलट दिशेला हवं. ट्यूब मात्र ज्याची त्याने आणायची. जुन्या जावाचं चाक १६ इंची, रोडकिंगचं १८, टोळीत बुलेट असेल तर तिचं १९. उसनवारी जमत नाही.

पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवतं आणि चिरवतं, शिवाय टाकीतला गंज सुटून कार्ब्युरेटरमध्ये येतो. नळी इथेनॉल सोसणारी बसवा, मध्ये पारदर्शक फिल्टर टाका. प्लग पांढरट दिसत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घाला.

कागदांचं एक. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते. नंबर झोकात दिसतो, पण ती घेतली की गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशाच कामांसाठी परवानगी. दर महिन्याला फिरायचं असेल तर साधी आरसीच नूतनीकरण करून ठेवलेली बरी.

जेजुरीला चहा येईपर्यंत प्रत्येकाने सायलेन्सरच्या नळीचा मोठा नट हुक स्पॅनरने आवळून घ्यावा. तो गाडी गरम असतानाच नीट बसतो. ढिला राहिला तर आवाज बदलतोच, वर सिलिंडरचे आटे खातो, आणि ती दुरुस्ती महाग आहे. निघायची घाई मात्र ठेवा. ६ व्होल्टच्या दिव्यात समोरची बिनरिफ्लेक्टरची बैलगाडी दिसत नाही, तेव्हा अंधाराआधी घाट उतरलेला बरा. घरी पोचल्यावर इंजिन चालू ठेवूनच पेट्रोल कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडू द्या. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल सुकून चिकट तेल उरत नाही, आणि पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या किकला उठते.