निकट अवरक्ताची नोंद : काक्षी, राजन्य आणि ८५० नॅनोमीटरचा फिल्टर

कोथरूडमधील गच्चीवरून मृग नक्षत्रातील काक्षी (बीटलज्यूज) आणि राजन्य (रायजेल) या ताऱ्यांची तुलना सुरू आहे. त्यासाठी मोनोक्रोम कॅमेऱ्यापुढे ८५० नॅनोमीटरच्या पलीकडचाच, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश आत सोडणारा फिल्टर लावला आहे. नुसत्या डोळ्यांना बहुधा राजन्य थोडा अधिक तेजस्वी वाटतो, परंतु या फिल्टरमधून काक्षी त्याला सहज मागे टाकतो. राजन्याचे पृष्ठतापमान सुमारे १२,००० केल्विन, तर काक्षीचे सुमारे ३,५०० केल्विन असल्याने काक्षीचा बहुतांश प्रकाश अवरक्तातच येतो. अवरक्तातील ‘जे’ (J) नावाच्या तरंगलांबीच्या पट्ट्यात तर हा फरक जवळपास तीन प्रतींचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजस्वितेचे माप) आहे.

आपण मात्र त्या पट्ट्याच्या उंबरठ्यावरच थांबतो, कारण सिलिकॉनचा सेन्सर १,१०० नॅनोमीटरच्या आसपास निकामी होतो आणि ‘जे’ पट्टा साधारण तेथूनच सुरू होतो. ‘जे’, ‘एच’ (H) आणि ‘के’ (K) या पट्ट्यांचे मध्य अनुक्रमे सुमारे १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रोमीटरवर आहेत. त्यांच्या सीमा कोणी सोयीने आखलेल्या नाहीत; १.४ आणि १.९ मायक्रोमीटरच्या आसपास हवेतील बाष्प प्रकाश शोषून घेते आणि मधल्या मोकळ्या फटींना ही अक्षरे मिळालेली आहेत. अवरक्त निरीक्षणासाठी माउंट अबूचे गुरुशिखर किंवा लडाखमधील हानले अशा उंच, कोरड्या जागा निवडल्या जातात त्या याचसाठी.

हे बाष्प आपल्यालाही सोडत नाही. त्याचा एक शोषणपट्टा ९४० नॅनोमीटरजवळ, म्हणजे नेमका या फिल्टरच्या कक्षेत येतो. दोन्ही ताऱ्यांच्या प्रकाशाची तरंगलांबीनुसार वाटणी निरनिराळी असल्यामुळे तो दोघांना सारखाच घटवतो असे गृहीत धरता येत नाही, आणि म्हणून पावसाळा सरल्यानंतरच्या दमट रात्रीची मोजणी जानेवारीतल्या कोरड्या रात्रीच्या मोजणीशी थेट जोडू नये, असे माझे मत झाले आहे. (शहराचा उजेड तेजस्वी ताऱ्यांच्या मोजणीत फारसा आड येत नाही, हे आपले नशीब.)

पुढील टप्प्यात गुरू ग्रहासाठी वापरला जाणारा ८८९ नॅनोमीटरचा मिथेन फिल्टर लावणार आहे. तो अरुंद असल्याने बाष्पाचा पट्टा टळेल, एक्स्पोजर मात्र वाढवावे लागेल. शिवाय काक्षीसारख्या ताऱ्यांत टायटॅनियम ऑक्साइडचे शोषण ८८६ नॅनोमीटरपासूनच सुरू होते, त्यामुळे तेथे मिळणारा आकडा ८५० च्या आकड्याशेजारी वेगळ्या रकान्यातच लिहिणार आहे.