नव्याची चाळीस मिनिटं

काम होतं गुरुवारी. मी तिकीट काढलं बुधवारचं, कारण बुधवारी एक नवी विमान कंपनी आपलं पहिलंवहिलं विमान उडवणार होती आणि ते नेमकं मला जायचं त्याच शहराला जाणार होतं. प्रवास चाळीस मिनिटांचा. एवढ्यासाठी एक दिवस आधी जाऊन पडायचं, हे घरी कुणाला पटलं नाही. आई म्हणाली, “पहिलंच उड्डाण? म्हणजे त्यांना सवय नाही अजून!”

आईचा मुद्दा बिनतोड होता. नव्या डॉक्टरकडे पहिला पेशंट म्हणून जायला आपण धजत नाही, मग इथे काय म्हणून बसायचं? पण थोडं खोलात गेलं की कळतं, विमान कंपनीचं पहिलं उड्डाण हे कधीच पहिलं नसतं. तिकीट काढलेला प्रवासी चढण्याआधी कंपनीला तपासनीस बसवून विमान उडवून दाखवावं लागतं. अगदी खऱ्या वेळापत्रकाबरहुकूम, दारं लावण्यापासून सामान उतरवण्यापर्यंत. त्यात हे तपासनीस मध्येच खोडा घालतात. समजा, एका प्रवाशाची तब्येत बिघडली. समजा, उतरायचा तो विमानतळच बंद झाला. आता काय कराल? तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि वर कागदांचा डोंगर. हे सगळं पार पडल्यावर परवाना, आणि मग तुमचं-आमचं ‘पहिलं’ उड्डाण. विमानाच्या मॉडेलचीही हीच गत. निम्मे दरवाजे बंद ठेवून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं, हे बनवणाऱ्याने आधी सिद्ध करायचं. इतक्या रंगीत तालमी झालेला शुभारंभाचा प्रयोग दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

हे सगळं आईला समजावलं. ती म्हणाली, “पोचलीस की फोन कर.”

गेटवर फुगे होते. आडवी रेशमी फीत होती, कात्री ठेवलेलं तबक होतं आणि सुटातल्या एका साहेबांच्या हातात माइक होता, जो दर चौथ्या शब्दाला गप्प व्हायचा. त्यामुळे आम्हाला ‘आजचा हा दिवस’ आणि ‘स्वप्न’ एवढंच ऐकू आलं. टाळ्या पडल्या. रांगेत माझ्या पुढे एक गृहस्थ होते, खांद्याला लॅपटॉपची बॅग, डोळ्यांवर झोप. त्यांनी मागे वळून मला हळूच विचारलं, “मॅडम, आज काही विशेष आहे का?” ऑफिसने तिकीट काढून दिलं होतं, वेळ सोयीची होती, ते आले होते. कंपनी नवी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी सांगितल्यावर ते “अच्छा” म्हणाले आणि फितीकडे असं बघू लागले, जसं आपण रस्ता अडवून बसलेल्या गायीकडे बघतो.

तेच माझ्या शेजारच्या सीटवर आले. पट्टा लावला, मान टाकली, झोपले.

मी मात्र सगळं न्याहाळत बसले. नवेपणा हाताला लागतो. सीटच्या पट्ट्याची नाडी अजून कडक, ओढली की करकर करत यायची. समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड इतकं गुळगुळीत, की बाहेर काढताना निसटून माझ्या पावलावर पडलं. ट्रेच्या बिजागरीवर पारदर्शक प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी तशीच राहून गेली होती. कुणीतरी घाईघाईने सोलताना टोक तुटलं असावं. ती नखाने सोलायचा मोह मी दोनदा आवरला. तिसऱ्यांदा नाही आवरला.

आणि मग एक गंमत दिसली. मागे स्वच्छतागृहात गेले, तर दारावर धूम्रपान मनाईचं चित्र आणि त्याच्या जवळच राखदाणी. कोऱ्या विमानात राखदाणी! ही चूक नव्हे, हा नियम आहे. बंदी असूनही कुणी चोरून ओढलीच, तर त्याने थोटूक कागदाच्या कचऱ्यात टाकू नये, विझवायला धड जागा असावी, म्हणून ती ठेवावीच लागते. माणसाच्या स्वभावावर इतका जुना आणि इतका पक्का अविश्वास दाखवणारी वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

तिथून परत येताना डोक्यात आलं ते असं: या धंद्यात नवं व्हायला परवानगी आहे ती फक्त उडण्याशी संबंध नसलेल्या गोष्टींना. शेपटीचा रंग, सीटचं कापड, गणवेश, ‘आपलं स्वागत आहे’ म्हणायची ढब. ज्यावर जीव अवलंबून असतो ते सगळं जुनंच हवं. जुने नियम, जुन्या तपासणीच्या याद्या. कॅप्टनसुद्धा दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीत केस पिकवून आलेला. ज्या दोन अक्षरांनी विमान कंपनी ओळखली जाते तीसुद्धा कधीकधी एखाद्या बंद पडलेल्या कंपनीची, काही काळ रिकामी राहून नव्याने वाटलेली असतात. चाळीतल्या खोलीसारखी.

विमान हललं. धावपट्टीकडे जाताना दोन्ही बाजूंना अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या होत्या. त्यांनी पाण्याचे फवारे उडवले, त्यांची वर कमान झाली आणि विमान त्याखालून सरपटत गेलं. पहिल्या उड्डाणाला, किंवा निवृत्त होणाऱ्या वैमानिकाला, अशी सलामी द्यायची विमानतळांवर पद्धत आहे. खिडकीवरून ओघळ आडवे पळू लागले. शेजारचे गृहस्थ आवाजाने जागे झाले, खिडकीकडे बघून म्हणाले, “पाऊस?” आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा झोपले.

आता मुख्य प्रसंग. हवाई सुंदरींपैकी जी सगळ्यात अनुभवी दिसत होती, तिने फोनसारखा तो माइक उचलला. चेहऱ्यावर सराईत हसू. “नमस्कार, सकाळच्या या प्रवासात आपलं सगळ्यांचं...” आणि तिने कंपनीचं नाव घेतलं. भलत्याच कंपनीचं. बहुधा जिथे तिची आधीची कितीतरी वर्षं गेली होती, त्या कंपनीचं.

क्षणभर शांतता. तिच्या हातातला माइक तिथेच. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि हसू मागच्या रांगेपर्यंत वाऱ्यासारखं गेलं. तीही हसली, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. “माफ करा,” म्हणाली आणि नवं नाव घेतलं, एकेक अक्षर सुटं करून. लहान मुलाला चुलत काकांचं नाव शिकवतात तसं.

टाळ्या पडल्या. गेटवरच्यापेक्षा जास्त. साहेब दुसऱ्या रांगेत बसले होते, ते वाजवत होते की नाही हे मला मागून दिसलं नाही.

मला ती फार आवडली. घर बदलल्यावर महिनाभर पाय जुन्याच जिन्याकडे वळतात. वर्ष बदललं की चेकवर मागचंच साल लिहिलं जातं. गणवेश एका रात्रीत बदलता येतो, जीभ नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या त्या चुकीने मला जितका धीर आला, तितका परवान्याच्या सगळ्या कागदांनीही आला नव्हता. इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य, की नाव आपोआप येतं! म्हणजे दार उघडायची वेळ आली, तर हातही तसाच आपोआप चालेल.

उड्डाण झालं. छोट्या प्रवासात विमान ‘जातं’ असं वाटतच नाही. ते चढतं आणि उतरतं. सपाट असं फार थोडं. पहिले काही हजार फूट सगळे आपापल्या जागी गप्प. दहा हजार फुटांच्या खाली वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त बोलायचंही नसतं. मग घंटा वाजते आणि मागे गाड्यांच्या कड्या खटाखट निघतात. त्या दिवशी दोघींनी ती खाण्यापिण्याची गाडी अक्षरशः चढणीवर ढकलत नेली, कारण विमानाचं नाक अजून वरच होतं. शेवटच्या रांगेला पाणी देईपर्यंत इंजिनाचा आवाज उतरला, कानात दडे बसू लागले, आणि तीच गाडी त्यांनी उतारावर पाय रोवत, अडवत परत आणली. मी पाण्याचा पेला ओठाला लावते न लावते तोच तो मागणारा हातमोजा समोर. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या जिलबीला हात घालावा आणि पान उचललं जावं, तसं.

खरं तर या सगळ्या कारभाराची सुरुवातच अशा एका आखूड उडीने झाली. १ जानेवारी १९१४ रोजी फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गहून टॅम्पाला जगातली पहिली नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमान पाण्यावरून उडणारं, वैमानिक टोनी जॅनस, आणि प्रवासी एकच, कारण जागाच एक होती. ती जागा लिलावात गेली. शहराचे माजी महापौर एब्रम फाइल यांनी ४०० डॉलर मोजले, एरवीचं भाडं ५ डॉलर असताना. खाडी ओलांडायला २३ मिनिटं लागली. विमान पाण्यापासून जरा वर, इतकं खालून गेलं. चारेक महिन्यांत ती कंपनी बंदही पडली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे चार महिने. पण मला राहून राहून कुतूहल आहे ते त्या फाइलसाहेबांचं. ऐंशीपट पैसे मोजून ते नेमकं काय विकत घेत होते? टॅम्पा तर दुसऱ्या दिवशीही तिथेच असणार होतं. (हा प्रश्न मी आईसमोर विचारला नाही. उत्तर माझ्यावरच आलं असतं.)

आणि आखूडपणाचीच चढाओढ लावायची, तर स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अशी एक सेवा आहे. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात २ मिनिटं. वारा अनुकूल असताना ती ५३ सेकंदांत झाल्याची नोंद आहे. तिथे पाण्याचा पेला द्यायचा प्रश्नच येत नाही. नमस्कार म्हणेपर्यंत धन्यवाद म्हणायची वेळ.

आमचं विमान टेकलं. थोडं आपटूनच, पण त्या दिवशी सगळ्यांनाच सगळं माफ होतं. पुन्हा टाळ्या. पट्ट्याचा दिवा विझायच्या आत निम्मे लोक उठून वरचे कप्पे उघडायला लागले, हेही नियमाप्रमाणेच.

मी मुद्दाम शेवटी उतरले. दाराशी तीच उभी होती. प्रत्येकाला हात जोडून “धन्यवाद, पुन्हा भेटू.” मधे दोन प्रवाशांत जरा अंतर पडलं, तेव्हा पाहिलं, तिचे ओठ हलत होते. आवाज नाही, नुसते ओठ. पुटपुटत ती नवं नाव घोकत होती. कारण पस्तीस मिनिटांत हेच विमान परत फिरणार होतं, आणि बाहेर काचेपलीकडे पुन्हा फुगे, पुन्हा फीत, पुन्हा तबक मला दिसतच होतं. या शहरातून हे पहिलं उड्डाण! सकाळपासून एक फेरी मारलेलं विमान पुन्हा कोरं करकरीत झालं होतं. कुणीतरी माइक तपासत होतं. तो इथेही दर चौथ्या शब्दाला गप्प होत होता.

सामानाच्या पट्ट्यापाशी माझे शेजारी भेटले. छान झोप झालेली, चेहरा टवटवीत. फोनवर ऑफिसच्या खर्चाचा फॉर्म भरत होते. खिसे चाचपले, बोर्डिंग पास विमानातच राहिला असावा.

“मॅडम,” ते म्हणाले, “आपण आलो ती कंपनी कोणती हो?”

मी पटकन नाव सांगितलं. त्यांनी ते टाइप केलं, आभार मानले, बॅग उचलली आणि गेले. ते सरकत्या दारातून बाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की मी तिच्या जुन्या कंपनीचं नाव सांगितलं होतं.