गोव्याच्या हवेत जुनी फियाट चालती करताना: माझा अनुभव

काकांची १९७१ ची फियाट डिलाइट बरीच वर्षं फोंड्याला घराच्या मागे उभी होती, ती मी घेतली आणि चालती केली. ज्यांच्याकडे अशी गाडी पडून आहे त्यांना सगळ्यात आधी एकच सांगेन, इंजिनाच्या मागे लागू नका, अगोदर खाली वाकून पत्रा बघा.

सगळे बॉनेट उघडूनच बघतात. पण ते १०८९ सीसीचं इंजिन अगदी साधं आहे, मी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, रात्रभर ठेवलं, हाताने फिरवून बघितलं, प्लगला ठिणगी मिळायला लागणारे पॉइंट-कंडेन्सर नवे टाकले, टाकी आणि कार्ब्युरेटर साफ केले आणि मगच सेल्फ मारला. चालू झालं.

पत्र्याने मात्र घाम काढला. इथे खारी हवा, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि या फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे फ्लोअर किंवा दाराखालची पट्टी कुजली की प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही. मॅट उचललं तर ड्रायव्हरच्या पायाशी खालची जमीन दिसत होती. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, वरून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) मारून रंग काढतो, चवथीच्या आधी गाडी न्या. मी नको म्हटलं, कारण लांबीखाली गंज वाढतच राहतो. मग एक वयस्कर मेस्त मिळाले, ते म्हणाले, "बाब, चांगला पत्रा लागेपर्यंत कापूया." त्यांनी दारांच्या चौकटीत आतून लोखंडी आधार वेल्ड केले आणि मगच खालची पट्टी कापली, तीही एका वेळी एकाच बाजूची, नायतर बॉडी वाकते आणि नंतर दारं बसतच नाहीत. नव्या पत्र्याला आतून रेड ऑक्साइड म्हणजे गंज रोखणारा रंग, पोकळ भागात वॅक्स, आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी. ही भोकं दर पावसाळ्याआधी तार घालून साफ करा, हे मी कळकळीने सांगतोय.

ब्रेक चारही ड्रमचे, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, चाकांमधले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर जाम झालेले, ते सगळे बदलले. सामान पद्मिनीचं, म्हणजे याच गाडीच्या नंतरच्या अवताराचं, बरंचसं चालतं, मला मुंबईत कुर्ल्याला मिळालं. पण काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यामुळे लागणारं सामान आत्ताच घेऊन ठेवा.

कागदपत्रांचं म्हणाल तर ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळं व्हिंटेज रजिस्ट्रेशन आहे, पण त्यावर गाडी रोज वापरता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्या कामांना काढायची. मला तर घरच्यांना घेऊन मंगेशीला जायचंय, म्हणून मी नेहमीचंच आरसी पाच वर्षांसाठी रिन्यू केलं.

आता पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घातले, आणि गाडी दर आठवड्याला थोडी तरी फिरवतो.

पुढचा बंपर अजून बाकी आहे. मूळचा जाड पत्र्याचाच ठेवायचाय, फोंडा-मडगाव बाजूला चांगलं क्रोम प्लेटिंग करणारं कुणी माहीत असेल तर नक्की सांगा.