आईचा प्रश्न मुलाच्या तोंडून

अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये आमच्या बालरोग क्लिनिकमध्ये आठवीतला एक 13 वर्षांचा मुलगा वार्षिक तपासणीला आला होता. आईवडील मेक्सिकोतले, आईचं इंग्रजी जेमतेम. फोनवर दुभाषी मिळेपर्यंत मुलगाच दोघींमधलं भाषांतर करत होता. मी आईला विचारलं, "घरात बिअर असते का? मुलांच्या हाताला लागेल अशी?" त्याने आईला विचारलं, "तोदो बिएन एन ला कासा?" म्हणजे, घरी सगळं ठीक ना? आई हसून म्हणाली, "सी, तोदो बिएन." मला त्याने सांगितलं, "बिअर नसते."

माझं स्पॅनिश कामापुरतं, पण एवढं कळलं. दुभाषी येईपर्यंत आईला बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोलले. या वयात आधी मित्र पितात का ते विचारायचं, मग त्याच्याबद्दल: गेल्या वर्षात दोन-चार घोटांपेक्षा जास्त दारू किती दिवस घेतलीस? उत्तर आलं, आठ. 12 ते 15 वयात वर्षाला 1 ते 5 दिवस म्हणजे मध्यम धोका, 6 किंवा जास्त म्हणजे सर्वांत वरचा. मग क्रॅफ्ट, म्हणजे किशोरवयीन मुलांच्या दारू-नशेची चाचपणी करणारी प्रश्नावली. सहापैकी दोन होकार: इतरांत मिसळून जायला पितो, आणि प्यायलेल्या माणसाच्या गाडीत बसलो आहे. दोन होकार आले की पुढची चौकशी करायचीच.

बिअर मिळायची काकांच्या अंगणात, रविवारच्या कार्ने आसादाला, म्हणजे शेगडीवर मांस भाजून होणाऱ्या घरच्या जेवणाला. 17 वर्षांचा चुलतभाऊ बर्फाच्या पेटीतून 355 मिलिलिटरचा कॅन काढून द्यायचा आणि स्वतःही पिऊन याला पिकअपमधून घरी सोडायचा. मोठ्यांच्या मानाला तिकडे 'रेस्पेतो' म्हणतात. एरवी हा मान मुलांना सांभाळतो. इथे त्याच भिडेपोटी मुलाला कॅन नाकारता येईना.

"त्या घरी जाऊच नका" हा सल्ला अशा वेळी सहज तोंडात येतो. तो चुकीचा आहे. आजी, मावश्या, रविवारचं जेवण हेच या मुलांचं सर्वांत भक्कम कवच. ते काढून घेतलं की मुलाला उरतात फक्त शाळेबाहेरचे मित्र. भोक वेगळीकडे होतं: शाळेची पत्रं, गैरहजेरीचे फोन, आमचे प्रश्न, सगळं आईपर्यंत मुलाच्याच तोंडून जायचं. लक्ष ठेवायची तिची तयारी होती, तिच्यापर्यंत खबर पोचत नव्हती.

गाडीचा धोका लपवून ठेवता येणार नाही, हे मुलाला आधी समजावलं. तो स्वतः सांगायला तयार झाला आणि दुभाषी फोनवर आल्यावर बोलला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, कुठे, कोणाबरोबर, किती वाजता. ठरलं ते असं: बिअरची पेटी मोठ्यांच्या टेबलाखाली, मुलाला न्यायला रात्री नऊला आई स्वतः, शाळेचे निरोप स्पॅनिशमध्ये थेट तिच्या फोनवर. ॲरिझोनातल्या शाळांमध्ये 'कीपिन इट रिअल' या कार्यक्रमात नकाराच्या चार वाटा शिकवतात: नाही म्हण, कारण सांग, टाळ, निघून जा. मोठ्या भावाला कारण सांगणं याला जड जात होतं. म्हणून आम्ही चौथी वाट घोटून घेतली: कॅन पुढे आला की उठून आजीजवळ, शेगडीपाशी.

चार आठवड्यांनी परत बोलावलं. निघताना तारखेचा कागद घ्यायला मुलाने सवयीने हात पुढे केला. आईने तो मधेच घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.