येते म्हणाले नाही

आज दसरा. सकाळी आईनं घट उठवले आणि काळ्या मातीत नवरात्रात वाढलेलं धान माझ्या वेणीत खोवलं. नेपाळमध्ये, सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या ज्या डोंगरावरच्या शाळेत मी यंदा शिकवून आले, तिथंही आज हेच चाललं असणार. तिथं त्याला जमरा म्हणतात. अंधारात वाढवलेले जवाचे पिवळे कोंब, आणि कपाळभर दही-तांदळाचा लाल टिळा. माझ्या चौथीच्या पोरींच्या वेण्यांना लाल रिबिनी असतात, त्यात तो जमरा कसा दिसत असेल ते सकाळपासून डोळ्यांपुढे येतंय.

मी किल्लारीच्या भागातली. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी ९ वर्षांची होते. विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवद. माझी आजी आणि धाकटा भाऊ त्यात गेले. एवढंच लिहिते.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायला लागली आणि पुण्याहून एक ताई शिकवायला आली. चार महिने राहिली. मला भागाकार तिनं शिकवला, आणि रात्री दचकून उठलं की दहापर्यंतचे पाढे मनात म्हणायचे हेही तिनंच. जाताना एस.टी.च्या खिडकीतून म्हणाली, "येते हं." पाडव्याला तिचं एक पोस्टकार्ड आलं. त्यानंतर काही नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही चार-पाच जणी फाट्यावर जाऊन बसायचो. पावसाळा लागेपर्यंत बसलो. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे माझ्या आजीनंही मला शिकवलंच होतं. पण आम्ही फाट्यावर बसायचो, हेही खरंच आहे.

नेपाळचा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा. वेळ ११ वाजून ५६ मिनिटं. तो ५६ चा आकडा टीव्हीवर पाहिला आणि हातातलं काम तसंच राहिलं. शनिवार होता, नेपाळात शाळांना सुट्टी शनिवारी असते, म्हणून पोरं वर्गात नव्हती. नाहीतर काय झालं असतं, हे तिथले मास्तर आजही आवाज खाली करून बोलतात. मी पुढच्या वर्षी बिनपगारी रजा मंजूर करून घेतली, गोरखपूरपर्यंत रेल्वे, सुनौलीहून बस, काठमांडू, मग दोलालघाटचा पूल ओलांडून वर. त्यांचं वर्ष वैशाखात सुरू होतं, मी वैशाख सरता सरता पोचले.

शाळा बांबू आणि पत्र्याची. पत्र्याला तिथं जस्ता म्हणतात. पाऊस लागला की शिकवलेलं ऐकू जात नाही, म्हणून आम्ही पावसात फळ्यावर लिहून गणितं करायचो. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मिस, कति दिन?" किती दिवस राहणार. त्यांच्याकडे वर्षभरात खूप माणसं येऊन गेली होती. आठ दिवस, पंधरा दिवस, गाणी, फोटो, रंगपेट्या. मी म्हटलं, "दशैंसम्म." दसऱ्यापर्यंत. त्यानं मान हलवली आणि वही उघडली.

लिपी एकच असल्यानं पुस्तक पहिल्या दिवशी वाचता आलं, समजायला महिना लागला. भूकंप म्हणजे भुइँचालो. हा शब्द मात्र कुणी समजावून सांगावा लागला नाही. बेरजेत आपण हातचा एक म्हणतो, ती पोरं म्हणतात हात लाग्यो एक. सागरगोट्यांना गट्टा म्हणतात. पाच-पाच खड्यांच्या राशी मांडूनच माझ्या वर्गाचा पाचाचा पाढा झाला. ळ त्यांच्या वर्णमालेत नाही. मी फळ्यावर 'शाळा' लिहिलं तर शेवटचं अक्षर बघायला सगळा वर्ग उठून पुढे आला.

आणि 'येते'. सवयीनं वर्गातून निघताना मी येते म्हणायचे. त्यांच्या भाषेत 'यतै' म्हणजे इथंच, आणि बोलताना ते जवळजवळ येतैच ऐकू येतं. पोरांनी ते पकडलं. मी येते म्हटलं की पहिलीतली एक चिमुरडी माझी ओढणी धरायची आणि सगळे ओरडायचे, "यतै! यतै बस्नुस् मिस!" रोजचा खेळ झाला होता तो.

श्रावणात मला झोप लागेना. निघायच्या दिवसाचा विचार यायचा आणि फाटा दिसायचा. मग मी मुख्याध्यापक सरांशी बोलले. गावातली एक बारावी झालेली मुलगी माझ्याबरोबर वर्गात उभी राहायला लागली. आधी नुसती वह्या तपासायची, भाद्रपदात वजाबाकी तिनं शिकवली आणि मी मागच्या बाकावर बसले. तिचं घरी बोलणं तामाङ भाषेत, पहिलीतल्या बहुतेक पोरांचंही तेच. मला जे सांगायला दहा मिनिटं लागायची ते ती एका वाक्यात सांगायची. ते मला लागलंही, खोटं कशाला बोलू. पण मी मागे बसूनच राहिले.

शेवटचा दिवस नेमका ३० सप्टेंबर, शुक्रवार, अर्धी शाळा, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. सकाळी मी एकटीच शेडमागे उभी राहिले, आजीचं नाव घेतलं, भावाचं घेतलं. मग वर्गात गेले. पोरांनी गळ्यात खादा, म्हणजे मानाची उपरणी, घातली, अबीर लावला, थोडी सयपत्रीची फुलं होती. सयपत्री म्हणजे आपला झेंडू. जिच्या घरी मी राहिले त्या आमांनी मक्याच्या लाह्या बांधून दिल्या. आदल्या हिवाळ्यात भारताच्या सीमेवरून गॅस येत नव्हता तेव्हा त्यांनी महिनोन्‌महिने चूल फुंकली होती, आणि तरी सीमेपलीकडच्या या बाईला साडेचार महिने पहिला वाफाळता भात वाढला.

"कहिले आउने?" कुणीतरी विचारलंच. कधी येणार.

मी नेपाळीत सांगितलं, रजा संपली. माझ्या शाळेत ४१ मुलं वाट बघतायत. मी परत येईन असं सांगू शकत नाही. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सरांच्या फोनवर फोन करीन, तेवढं नक्की करीन.

वर्ग गप्प झाला. मग लाल रिबिनीवालीनं विचारलं, "भोलिदेखि गणित कसले पढाउने?" उद्यापासून गणित कोण शिकवणार. मी बोट दाखवलं. तिनं तिकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि "हुन्छ" म्हणाली. ठीक आहे. त्या एका शब्दानं मला जे रडू आलं ते आवरेना. नवीन मिसनं खडू उचलला आणि उजळणी सुरू केली, मला तोंड धुऊन येता यावं म्हणून.

निघताना ओठांवर येते आलं होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, "म जान्छु है." जाते मी. आजी, तुझं मोडलं गं. ओढणी धरायला ती चिमुरडी आली, पण तिला ओरडायला शब्दच मिळाला नाही. ओढणी धरून ती उतारापर्यंत चालत आली. पत्र्याच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं शाळा लिहिलं होतं. ळ बरोबर होता, दोन्ही गोल पूर्ण.

या शनिवारी १५ तारीख, तिसरा शनिवार. मागच्या बाकावरच्या मुलाचा ७ आणि ८ चा पाढा अजून अडतो, ते आधी विचारायचं आहे. आणि नेपाळचं घड्याळ १५ मिनिटं पुढे असतं, म्हणून फोन पावणेअकराला करायचा. सरांना अकराची वेळ दिली आहे.