कॅसेटमधल्या जाहिराती आणि रंगीत चिमण्या

परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाइल घेऊन पडले होते आणि स्क्रोल करता करता ‘एक चिडिया’ समोर आलं. फिल्मचं खरं नाव ‘एक अनेक और एकता’, पण आमच्या वाड्यात सगळे एक चिडियाच म्हणायचे. जेमतेम सात मिनिटांचं कार्टून. मी बघतच राहिले, कारण ते रंगीत आहे! आमच्याकडे शटरवाला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता, त्यामुळे शिकाऱ्याचं जाळं, ते जाळं घेऊन उडालेल्या चिमण्या, जाळं कुरतडणारे उंदीर, सगळं इतकी वर्षं माझ्या डोक्यात करड्या रंगातच होतं.

मग कोणी केलंय ते शोधत बसले. १९७४ सालची फिल्म, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, यामागे विजया मुळे, म्हणजे अभिनेत्री सुहासिनी मुळेंच्या आई, आणि संगीत चक्क वसंत देसाईंचं! ‘गुड्डी’मधली जी प्रार्थना आम्ही शाळेत रोज म्हणायचो तीही त्यांचीच. आणि ते गोड गाणारी मुलगी कोण, तर आपल्या दाभोळची साधना सरगम, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. लहान मुलांसाठीच्या सात मिनिटांना एवढी मोठी माणसं लागली होती, आणि आम्ही ते बातम्यांच्या आधी मधे काहीतरी लावतात म्हणून बघायचो. मला खरंच भरून आलं.

त्यानंतर दोन तास जाहिरातीच. निर्माची गिरकी घेणारी मुलगी, विको टर्मरिक, आणि सर्फवाल्या ललिताजी. ललिताजी म्हणजे कविता चौधरी, हे मला माहीतच नव्हतं! ‘उडान’ सिरीयल त्यांनीच लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली कल्याणी सिंगही त्याच, गोष्ट त्यांच्या आयपीएस बहिणीवर बेतलेली. साडीतली ती ठाम बाई आणि खाकीतली ती पोलीस ऑफिसर एकच, आणि आम्ही दोघींनाही बघत होतो.

या जाहिराती नेटवर आल्या कशा याचा विचार करताना मामाची कॅसेट आठवली. रविवारचा पिक्चर व्हीसीआरवर रेकॉर्ड करताना मामा मधे पॉज करायचा विसरायचा आणि मामी ओरडायची की टेप वाया गेली. आता तो पिक्चर कुठेही मिळतो, पण त्या मधल्या जाहिराती अशा विसरलेल्या पॉजमुळेच तर वाचल्या!

फक्त आपल्या मुंबई दूरदर्शनवरच्या मुलांच्या ‘किलबिल’ कार्यक्रमासाठी जीव तुटतो. हिंदीतलं भराभर सापडतं, किलबिलचा एक पूर्ण भाग बघायला मिळावा म्हणून मी दर थोड्या दिवसांनी सर्च मारते, हाती फारसं काही लागत नाही.

मामाच्या माळ्यावरच्या सहा कॅसेट्स गेल्या रविवारी खाली काढल्या. कोकणातली हवा, दोनांवर पांढरी बुरशी धरलीये, त्या तशाच व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं, आधी बुरशी साफ करून घ्यावी लागते. उरलेल्या चार कन्व्हर्ट करायला दिल्यात. तुमच्याकडे माळ्यावर असतील तर या पावसाळ्याच्या आत काढा, आणि त्यात किलबिल निघालं तर प्लीज प्लीज मला कळवा.