हुर्यो कुठे संपते

१९ ऑक्टोबर २०२३ रोजी गहुंज्याच्या मैदानावर झालेला भारत-बांगलादेश विश्वचषक सामना बहुतेकांना आठवतो तो विराट कोहलीने षटकार मारून पूर्ण केलेल्या शतकामुळे. मला मात्र तो आमच्या पुढच्या रांगेत वडिलांबरोबर बसलेल्या, हिरव्या-लाल शर्टातल्या आठ-दहा वर्षांच्या एका मुलामुळे आठवतो. माझ्याबरोबर बारावीतला भाचा होता. गाडी लावलेल्या जागेपासूनची पायपीट आणि डोक्यावर छप्पर नसलेला स्टँड यांची सवय पुणेकर प्रेक्षकाला एव्हाना झालेली आहे, त्यामुळे दुपारच्या उन्हात सगळे तसे खुशीत होते.

बांगलादेशाच्या सलामीच्या जोडीने ९३ धावांची भागी केली, तोवर तो मुलगा प्रत्येक चौकाराला उभा राहून छोटा कापडी झेंडा हलवत होता आणि आमच्या आजूबाजूचे लोक त्याची मनसोक्त हुर्यो उडवत होते. त्याला मराठीचे अक्षर कळत नव्हते, तरी आपल्यालाच चिडवत आहेत हे ओळखून तो वळून हसत होता. हार्दिक पंड्याचा घोटा दुखावला आणि त्याचे षटक पुरे करायला कोहलीने चेंडू हातात घेतला, तेव्हाच्या गदारोळात तर तोही आमच्याइतकाच ओरडला. पुढे बांगलादेशाचे गडी पडू लागले, सामना आपल्याकडे झुकला आणि सूर बदलला. मागच्या रांगेतून आधी चुरगाळलेला कागद आला, मग अर्धा भरलेला पाण्याचा पेला. तो मुलाच्या खांद्यावर आपटला. वडिलांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी रुमालाने त्याचा खांदा पुसला, हातातला झेंडा काढून घेतला, त्याची घडी घालून पिशवीत ठेवली. पेला फेकणाऱ्याला कोणीही काही म्हणाले नाही. मीही म्हणालो नाही, आणि माझा भाचा तर हसला होता.

हरलेला प्रेक्षक पिसाळतो, अशी आपली समजूत असते, पण आमच्या स्टँडमध्ये माणसे बिघडली ती जिंकू लागल्यावर. त्याच सामन्यात एका बांगलादेशी चाहत्याने आणलेला वाघाचा बाहुला फाडला गेल्याची बातमीही नंतर वाचली.

हुर्यो मला मुळात वाईट वाटत नाही. लहानपणी पेठेतल्या कबड्डीच्या सामन्यांत चढाईला आलेल्या पाहुण्या खेळाडूची आम्ही इतकी हुर्यो उडवत असू, की त्याचा ‘कबड्डी कबड्डी’चा दम ऐकू येऊ नये, पण तो गडी मारून परत गेला, तर मांडी थोपटून आम्हालाच खिजवत असे आणि ते आम्ही निमूटपणे सोसत असू. ज्याची हुर्यो उडवायची, तो समोर असावा लागतो आणि त्याला उलट उत्तर देण्याची मुभा असावी लागते. समोरचा इथे नसताच तर बरे, असे वाटू लागले, की तिथे हुर्यो संपते.

हरण्याने माथे फिरते हे खोटे नाही. १३ मार्च १९९६ रोजी ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात श्रीलंकेविरुद्ध भारताचे ८ बाद १२० झाले, तेव्हा बाटल्या पडल्या, स्टँडमध्ये आगी लागल्या आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांना सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. परंतु प्रत्येक पराभव असा पेटत नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत सचिन तेंडुलकरने १३६ धावा करूनही पाकिस्तानने कसोटी १२ धावांनी जिंकली आणि मैदानाला फेरी मारणाऱ्या पाकिस्तानी संघाला लोकांनी उभे राहून टाळ्या दिल्या. तीनच आठवड्यांनी कोलकात्यात तेंडुलकर शोएब अख्तरशी धडक होऊन धावचीत झाला, लोक खवळले, आणि शेवटच्या दिवशी पोलिसांनी स्टँड रिकामे केल्यावर उरलेला खेळ जवळजवळ ओसाड स्टेडियममध्ये उरकण्यात आला. प्रतिस्पर्धी तोच होता. फरक मला इतकाच दिसतो, की चेन्नईकरांना आपण हरलो असे वाटले, तर कोलकातेकरांना आपल्याला फसवले असे वाटले. फसवले गेल्याची भावना खरी असो वा खोटी, ती हात उचलायला परवाना देते.

यावरचा व्यवस्थेचा सोपा उपाय म्हणजे पाहुण्या संघाच्या समर्थकांना आतच न घेणे. अर्जेंटिनात फुटबॉलच्या सामन्यांना २०१३ मध्ये तशी बंदी आली. तरीही २०१८ मध्ये पाहुण्या बोका ज्युनियर्स संघाच्या बसवर मैदानाबाहेर यजमान रिव्हर प्लेटच्या समर्थकांनी हल्ला केला आणि दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचा अंतिम सामना अखेर स्पेनमधल्या माद्रिदला न्यावा लागला. इंडोनेशियात मलांग येथे १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहुण्या पर्सेबाया संघाचा एकही समर्थक येणार नाही अशी तजवीज होती. यजमान अरेमा संघ हरला, त्याचे समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि धुरातून पळणारी माणसे अरुंद व बंद दारांशी चेंगरली. १३५ जण दगावले. तिथे समर्थकांइतकाच, किंबहुना अधिक, दोष गर्दीला केवळ शत्रू समजून वागणाऱ्या बंदोबस्ताचा आहे, असे माझे मत आहे.

मात्र सगळे खापर गर्दीवर किंवा बंदोबस्तावर फोडण्याची सोयही आता उरलेली नाही. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात आयपीएलचा सामना टीव्हीवर सुरू असताना रोहित शर्मा बाद झाला, म्हणून साठी ओलांडलेल्या एका चेन्नई समर्थकाने आनंद व्यक्त केला. त्यावरून दोघांनी त्यांना मारहाण केली आणि त्यात त्यांचा जीव गेला. तिथे ना स्टेडियम होते, ना परका देश, ना झुंडीची निनावी भिंत. एकाच गावातली, एकमेकांना ओळखणारी माणसे होती. गर्दीत माणूस माणूस राहत नाही, या आपल्या लाडक्या स्पष्टीकरणाचे मग काय करायचे?

ती बातमी वाचून भाच्याने फोन केला होता. “मामा, तो पेला आठवतो का?” एवढेच त्याने विचारले. मला आठवत होता. त्या दिवशी कोहलीने षटकार मारला तेव्हा सगळा स्टँड खुर्च्यांवर चढून नाचत होता आणि आमच्या पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ते दोघे कधी उठून गेले, हे आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.